दोन घरांत एक नळी

आलेदाबाईंनी नळीच्या टोकाचा पितळी नट उलटा फिरवून सोडवला, चष्मा कपाळावर चढवला आणि आत डोकावून पाहिलं. गळती थोपवणारा रबरी वॉशर नव्हता.

माळ्यावर वॉशिंग मशीनशेजारी त्या उकिडव्या बसल्या होत्या. एका बाजूला नळ, दुसऱ्या बाजूला भिंतीवरचा बॉयलर, मध्ये ही नळी आणि टपटपणारं पाणी झेलायला बादली. बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटा एकच्या खाली गेला की घर तापवणारे रेडिएटर कोमट पडायचे. मग नळीने पाणी भरून काटा दीडवर आणायचा. मेपेल गावातल्या त्या गल्लीत हे काम ज्याचं तोच करतो. त्यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते वॉशरचं. सप्टेंबरपासून तो तिसऱ्यांदा नाहीसा झाला होता.

नळी दोन घरांत मिळून एकच होती. घरं नवी होती तेव्हा बाईंनी आणि शेजारच्या रूलोफ नायबूर यांनी ती भागीत घेतली. अधूनमधून लागणारी वस्तू, दोन कशाला हव्यात? वापरून झाली की पिशवीत घालून दुसऱ्याच्या मागच्या दाराच्या मुठीला अडकवायची, असा तीस वर्षांचा शिरस्ता. नळी गळू लागली तर बाई कुंपणावरून हाक मारायच्या. रूलोफ हत्यारांची पेटी घेऊन यायचे, दहा मिनिटांत काम उरकायचे आणि कॉफीवर तासभर गप्पा छाटत बसायचे. शेवटी त्यांची बायको ख्रीत्ये येऊन त्यांना उठवून न्यायची.

मार्चमध्ये ख्रीत्ये गेली. तेव्हापासून बाईंनी हाक मारली नव्हती. दुःखातल्या माणसाला नळीसाठी कसलं बोलवायचं? सप्टेंबरमध्ये नळी गळली तेव्हा त्यांनी दुकानातून वॉशरचं पाकीट आणलं, हिरवे मिळाले तर हिरवे, आणि काम स्वतःच शिकून घेतलं. रूलोफ बागेतून हात तेवढा हलवत. आता समोरच्या घरातून बातमी आली होती की ते म्हाताऱ्या माणसांच्या इमारतीत फ्लॅट पाहून आले. ते गेले तर या गल्लीत आपल्याशी मनापासून बोलणारं कोणी उरणार नाही, हे बाईंना कळत होतं. पण विचारायचं कसं? इथे वेळ ठरवल्याशिवाय कोणी कोणाचं दार वाजवत नाही, आणि वेळ ठरवायलाही काही कारण लागतं.

बाईंनी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. वॉशर म्हणजे काही पायमोजा नव्हे, धुण्यात हरवायला. मागच्या खेपेला तर त्यांनी तो चमच्याच्या पाठीने दाबून बसवला होता. त्यांनी नट खिडकीच्या उजेडात धरला. आतल्या कडेला एक ताजा, चकचकीत ओरखडा होता. कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हरने वॉशर उचकटून काढला होता.

नळी दोघांशिवाय कोणाच्या हाती जात नव्हती. आणि ज्याने दुधाच्या कारखान्यात चाळीस वर्षं नळ जोडले, त्याच्या हातून वॉशर चुकून निघेल हे अशक्य. चेष्टा करावी असा तो माणूस नव्हता, चोरावी अशी ती वस्तू नव्हती.

मग बाईंनी प्रश्न उलटा करून पाहिला. पूर्वी नळी गळली की काय व्हायचं? आपण हाक मारायचो. आणि यंदा? यंदा दोनदा आपण ती गुपचूप नीट केली आणि पिशवीत घालून परत अडकवून आलो. आपल्याला वाटलं, केवढा समजूतदारपणा. पलीकडून तो कसा दिसला असेल?

त्यांनी हातातला नवा वॉशर ॲप्रनच्या खिशात टाकला आणि त्या जिना उतरून शेजारी गेल्या.

घंटा वाजवताच रूलोफनी दार उघडलं. सकाळचे अकरा वाजले तरी पायांत घरातल्या सपाता होत्या.

"शेजारबुवा, नळी गळतेय."

"केव्हा येऊ?"

"आत्ताच या. वेळबीळ काही ठरवायची नाही."

पेटी दाराशीच होती, बुटांच्या शेजारी.

माळ्याचा जिना ते दोनदा थांबून चढले. बादलीपाशी बसून त्यांनी नट हातात घेतला आणि नको तितका वेळ आत पाहत राहिले.

"वॉशरच नाहीये, शेजारीणबाई. पडला असेल कुठे."

"तिसऱ्यांदा?"

 सवयीने खिशातून सुटे भाग ठेवायची तंबाखूची जुनी चपटी डबी काढून रूलोफनी झाकण उघडलं आणि लगेच मिटायला गेले, पण उशीर झाला होता. आत एक काळा वॉशर होता आणि दोन हिरवे. त्यांचे कान लालबुंद झाले.

"तुम्ही बोलावलंच नाहीत," ते डबीकडे पाहत म्हणाले.

बाईंना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. तुम्हाला त्रास नको म्हणून, असं काहीसं त्या पुटपुटल्या. मग धीर करून त्यांनी फ्लॅटचं विचारलं.

"पाहिला. चांगला आहे. लिफ्ट आहे, बाहेर बाक आहेत." रूलोफनी डबीतला वॉशर बोटाने फिरवला. "पण सगळ्या इमारतीला बॉयलर एकच, तळघरात. तिथे नळी लागतच नाही कोणाला."

त्यांनी एक हिरवा वॉशर उचलून अंगठ्याने नटमध्ये बसवला, नट नळाला लावला आणि पाना हातात घेतला.

"फार घट्ट करू नका," बाई म्हणाल्या.

रूलोफनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पाना पेटीत ठेवला आणि नट नुसत्या हाताने फिरवला.