दहा वर्षांना एकतीस दिवस कमी

वेतन शाखेतल्या कारकुनाला सगळं कोर्ट दशांश म्हणायचं. पैशाचा हिशेब तो चार घरांपर्यंत लांबवी आणि मग खालचा आकडा धरी, वरचा कधीच नाही. त्या सकाळी न्यायाधीश साहेबांचं सेवापुस्तक त्याच्या टेबलावर उघडं होतं आणि समोर साहेबांच्या स्टेनोबाई बसल्या होत्या. "सहज विचारून या," असं म्हणून साहेबांनीच त्यांना पाठवलं होतं. पण पोटात दुसऱ्यांदा गाठ आलेला माणूस पेन्शनचं सहज विचारत नसतो, एवढं बाईंना कळत होतं.

"तारखेने बघाल तर कालच दहा वर्षं भरली," दशांश म्हणाला. "पण कायदा तारीख बघत नाही, भरलेली नोकरी बघतो. पहिल्या ऑपरेशननंतरची एकतीस दिवसांची रजा बिनपगारी होती. ती वजा."

"एकतीस दिवसांनी काय बिघडतं?"

"सगळंच." त्याने पेन्सिलीने रेघ मारली. "दहा वर्षं पुरी झाली की शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं पेन्शन. साहेब गेले तर त्यातले शंभराला साठ वहिनींना. वहिनींच्या मागे मुलीला, ती कमवू शकत नाही म्हणून जन्मभर. आणि दहाला एक दिवस जरी कमी पडला, तर स्वतः भरलेली वर्गणी परत, वर सहा महिन्यांचा पगार, की खेळ खलास. घर, गाडी, पुस्तकांचा भत्ता, हे तर कसंही जाणारच."

"आजारी माणसाला काही सूट?"

"आहे ना. वैद्यकीय मंडळापुढे जायचं. ते असमर्थ ठरवतात आणि त्याच दिवशी नोकरी संपते." त्याने आवाज उतरवला. "बाई, रजा एकही शिल्लक नाही. शुक्रवार-सोमवार आले नाहीत तर मधले शनिवार-रविवारही गेले. साहेबांना सांगा, एकतीस दिवस येऊन डायसवर बसायचं. बसलं की पुरे. काम किती केलं ते आमच्या खात्यात विचारत नाहीत."

साहेब सत्तेचाळिसाव्या वर्षी वकिली सोडून न्यायाधीश झालेले. वकिली अशी चाललीच नव्हती. अशिलाला ते पहिल्याच भेटीत खरं सांगत, आणि अशील दुसऱ्या वकिलाकडे जाई. साठवलेलं होतं ते मुलीच्या उपचारांत गेलं. मुलगी चौतीस वर्षांची, पण घरीदारी सगळे तिला बेबीच म्हणत. तिला बोलता येत नसे, घास भरवावा लागे. बाईंना साहेबांबद्दल जी माया होती तिला कारण होतं. बाईंचा नवरा गेला तेव्हा याच माणसाने त्यांचे कागद हातात घेऊन, तीन जिने चढून, सही होईपर्यंत अधिकाऱ्याच्या दाराशी बसून काम करून आणलं होतं.

बाईंनी एकतीस दिवसांचा निरोप सांगितला. साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "ठीक आहे," म्हणाले, "बसू."

संध्याकाळी फाईल पोचवायला बाई घरी गेल्या तेव्हा वहिनींनी त्यांना दारातच थांबवलं. हाताला भाताचं शीत चिकटलेलं होतं, बेबीचं जेवण चालू होतं.

"तिथे मी नसते, तुम्ही असता," वहिनी म्हणाल्या. "सांभाळून घ्या हो त्यांना."

"घेईन," बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी सांभाळून घेतलं. ड्रायव्हर आणि शिपाई दोन्ही बाजूंनी धरून साहेबांना मागच्या दाराने आणत, खुर्चीत बसवत, मगच पुकारा होई. दुखणं थांबावं म्हणून डॉक्टरांनी थेंब दिले होते. थेंब घेतले की दुखणं थांबे, आणि त्याबरोबर साहेबही थांबत. डोळे उघडे, हातात पेन, पण माणूस जागेवर नाही. असं झालं की बाई पेन्सिल खाली पाडायच्या. कधी साहेब दचकून भानावर येत, कधी येत नसत. वकिलांच्या ध्यानात आलं होतं, पण कुणी बोललं नाही. काहींना दया आली, काहींना ते सोयीचं होतं.

सतराव्या दिवशी लिफ्ट मेकॅनिकच्या खटल्यात तिसरा साक्षीदार आला. एका इमारतीची लिफ्ट पाचव्या मजल्यावरून कोसळून दोघं मेले होते, आणि देखभालीत हयगय केली म्हणून मेकॅनिकवर खटला होता. साक्षीदार म्हणजे त्या इमारतीचं रजिस्टर सांभाळणारे म्हातारे आजोबा. त्यांनी शपथेवर सांगितलं की, अपघाताच्या महिनाभर आधी मेकॅनिकने लिहून दिलं होतं, दोर झिजलाय, लिफ्ट बंद ठेवा. मालकाने तो कागद फाडला. पण रजिस्टरमध्ये कार्बन लावलेला असायचा, तेव्हा खालची नक्कल राहिली. आजोबांनी ती दाखवली. तिच्यावर पुरावा म्हणून क्रमांक पडला.

बाईंनी शब्द न् शब्द उतरवून घेतला. दोनदा पेन्सिल पाडली. साहेब समोरच्या भिंतीकडे बघत होते.

मेकॅनिकला सरकारने दिलेला वकील होता. त्याच्याकडे अशी चाळीस प्रकरणं. युक्तिवाद त्याने पाऊण तासात उरकला आणि आजोबांची साक्ष एका वाक्यात आटोपली.

सव्विसाव्या दिवशी साहेब चेंबरमध्ये बाईंना निकाल सांगायला बसले. आवाज खोल गेला होता, पण वाक्यं नेहमीसारखी बांधीव. "आरोपीने धोक्याची लेखी सूचना दिल्याचा," साहेब म्हणाले, "कोणताही पुरावा न्यायालयासमोर आलेला नाही."

बाईंचा हात थांबला.

"साहेब, तिसरा साक्षीदार. रजिस्टरवाले आजोबा. त्यांनी नक्कल दाखवली होती."

"ते कधी आले होते?"

"मागच्या आठवड्यात, सोमवारी. त्या दिवशी तुम्हाला बरं नव्हतं."

आपण काय केलं ते साहेबांना कळलं, आणि कळल्याचं चेहऱ्यावर दिसलं.

"मग सगळं पुन्हा वाचायला हवं," ते म्हणाले. "निकाल पुढे ढकलला तर वरच्या कोर्टाला कारण कळवावं लागतं. काय कळवायचं?"

कारण एकच होतं, आणि ते कळवलं की वैद्यकीय मंडळ आलंच.

"आज रात्री वाचतो. फाईल घरी पाठवा."

बाईंनी फाईल बांधून पाठवली. सकाळी ती परत आली तेव्हा दोरीला त्यांनीच मारलेली दुहेरी गाठ जशीच्या तशी होती. साहेबांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी गाठीकडे पाहिलं नाही आणि बाईंकडेही पाहिलं नाही.

"पुढचा परिच्छेद घ्या," म्हणाले.

बाईंना बोलता आलं असतं. आजोबांच्या जबानीची पानं सोडवून समोर ठेवायला दोन मिनिटं लागली असती. त्यांच्या मनात आलं, पाच दिवस उरलेत. वहिनींचा शीत चिकटलेला हात डोळ्यापुढे आला. त्यांनी पॅडचं नवं पान काढलं आणि पुढचा परिच्छेद घेतला.

मेकॅनिकला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. कोर्टाची भाषा त्याच्या बायकोला उमगली नव्हती. ती बाहेर व्हरांड्यात बाईंना आडवी आली. "काय झालं हो?" तिने विचारलं. बाईंनी सांगितलं. ती खाली बसली नाही की रडली नाही. नुसतं म्हणाली, "पण त्याने तर लिहून दिलं होतं."

एकतिसावा दिवस भरला. दशांशने सांगून पाठवलं, एक जास्तीचा बसा, उगीच शंका नको. साहेब बत्तिसावाही बसले. त्यानंतर नवव्या दिवशी ते गेले. पेन्शनचा आदेश महिन्यात निघाला, पूर्णांकात. वहिनी गावाच्या कडेला दोन खोल्या घेऊन राहायला गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "तुमच्यामुळे निभावलं." बाईंनी हात सोडवून घेतले. पुन्हा त्या घरी कधी गेल्या नाहीत.

अपिलासाठी मेकॅनिकची बायको नकला मागायला आली, तेव्हा बाईंनी आजोबांच्या जबानीत कागदाची चिठ्ठी खोचून दिली. "वकिलाला हे पान आधी दाखव," एवढंच म्हणाल्या. अपिलाला दोन वर्षं चार महिने लागले. मेकॅनिक निर्दोष सुटला. वरच्या कोर्टाने लिहिलं की, खालच्या न्यायालयाने पुरावा वाचलेला दिसत नाही. तोवर त्याला तुरुंगात क्षय झाला होता. चार पायऱ्या चढला की तो भिंतीला टेकत असे. लिफ्टच्या कामावर त्याला कोण घेणार?

जप्त केलेली त्याची हत्यारांची पिशवी न्यायला बायको एकटीच आली. बाईंनी रजिस्टर पुढे केलं. सही करून झाल्यावर ती तिथेच उभी राहिली.

"बाई, एक विचारू? त्या साहेबांनी ते पान वाचलंच नव्हतं का?"

"नव्हतं."

"त्यांना कुणी सांगितलं नाही?"

"मी सांगितलं. एकदा." बाईंनी रजिस्टर मिटलं. "ते आजारी होते. आणखी पाच दिवस भरले की घरच्यांना पेन्शन मिळणार होतं. म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं नाही."

बाईंना वाटलं, आता ही चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं.

"मिळालं का पेन्शन?" तिने विचारलं.

"मिळालं."

तिने मान हलवली. पिशवी जड होती, उचलताना ती एका बाजूला कलली. बाई खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी एका बंदाला हात घातला.

"नको," ती म्हणाली, आणि पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, एकेक पायरी बघत, जिना उतरून गेली.