टॅनर सत्यजित शिंदे

अमेरिकेत शॉमबर्गला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्र्यंबक शिंदे खोटं बोलले, आणि ते त्यांना फार सोपं गेलं.

सुनेच्या बाळंतपणासाठी ते आणि त्यांच्या पत्नी शैलाबाई कराडकडच्या आपल्या गावाहून आले होते. मुलाच्या, सत्यजितच्या अपार्टमेंटमागे एक तळं होतं. सकाळी तळ्याभोवती फिरताना उल्हासराव भेटले. निवृत्त डॉक्टर, उभा जन्म अमेरिकेत गेलेला, मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून खूश. नाव, गाव विचारून झालं.

"मग गावी शेती?"

"हो."

"तुमच्या बाजूला म्हणजे ऊस."

"ऊसच," त्र्यंबक म्हणाले.

उल्हासरावांना शेतीचं भारी वेड. ते रोज काहीतरी विचारत. पाणी विहिरीचं की कॅनॉलचं, लागण कधी, तोड वेळेवर येते का. पाटलांच्या मळ्याच्या बांधावरून येता-जाता जे दिसलं होतं त्यावर त्र्यंबक वेळ मारून नेत. त्यांनी स्वतः जन्मभर कातडी कमावली होती. चुन्याच्या हौदातून ओली कातडी ओढून काढायची, केस खरवडायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा घातलेल्या पाण्यात ती मुरत ठेवायची. त्या पाण्यानं त्यांची नखं कायमची काळपट झाली होती. उल्हासरावांनी एकदा डॉक्टरी नजरेनं ती पाहिली.

"हे कशानं?"

"मातीनं," त्र्यंबक म्हणाले.

शिंदे आडनाव सगळ्यांतच असतं, त्यामुळे कुणी पुढे खोदत नसे. हे सगळं आपण पोरासाठी करतोय, असं ते मनाशी म्हणत. इथल्या मराठी लोकांत त्याची ऊठबस आहे, आपल्यापायी त्याला खाली बघायला लागू नये. सत्यजितनं मात्र त्यांना असं काही कधी सांगितलं नव्हतं.

मुलगा झाला. हॉस्पिटलातून निघण्याआधीच नाव लिहून द्यावं लागलं, पण सत्यजित आणि सावनी ते कुणाला सांगेनात.

"बारशालाच कळेल," सावनी म्हणाली. "बाबांसाठी सरप्राइज आहे."

सत्यजितला बहीण नव्हती. बारशाला आत्या लागते. त्र्यंबकनीच उल्हासरावांच्या पत्नीचं नाव सुचवलं. डॉक्टरांची बायको आपल्या नातवाची आत्या होणार, याचं त्यांना अप्रूप वाटलं. रेखाताईंनी आनंदानं होकार दिला, बाळाला चांदीची वाटी घेतली.

बारशाला हॉल माणसांनी भरला. पाळणा म्हणून सावनीनं बाळाची बास्केट झेंडूनं सजवली होती. सावनीनं आयत्या वेळी कानात सांगितलेलं नाव घेऊन रेखाताई बास्केटवर वाकल्या, बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले.

"अगं हळू, माझं कंबरेचं ऑपरेशन झालंय," त्या हसत म्हणाल्या. मग बाळाच्या कानात कुर्रर्र करून सरळ झाल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "टॅनर."

 मग सत्यजितच्या ऑफिसातल्या रवीनं तोंड उघडलं.

"वहिनी, हे तर आडनाव झालं यार."

"सध्या तसलीच नावं चालतात," कुणी बाई म्हणाल्या. "आमच्या नीलच्या वर्गात एक पार्कर आहे, एक कार्टर, दोन मेसन."

"मेसन म्हणजे गवंडी. आपण पण सुरू करू या. मी मुलाचं नाव कुलकर्णी ठेवतो. कुलकर्णी रवी कुलकर्णी."

"शाळेत दोनदा हजेरी लागेल त्याची."

हशा पिकला. सावनीही हसली. "मध्यंतरी टॅनर खूप पॉप्युलर होतं, आता कमी झालंय. आपल्या लोकांत तर मला एकही सापडला नाही."

"पण म्हणजे काय?" रेखाताईंनी विचारलं.

सत्यजित याच प्रश्नाची वाट पाहत होता. तो वडिलांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कातडी कमावणारा. इंग्लंडात जे हे काम करायचे, त्यांचं ते आडनाव पडलं. मग लोक तेच मुलांचं नाव म्हणून ठेवायला लागले. बाबांनी आयुष्यभर हेच काम केलं. त्याच्यावर मला शिकवलं. म्हटलं, इथे एवढ्या ऐटीत ठेवतात, तर आमच्याकडे तर खरंच आहे."

"ओह, लेदर. कूल," रवी म्हणाला.  एक बाई उठून उगाच पाण्याचे ग्लास भरायला गेल्या.

उल्हासरावांनी बशी खाली ठेवली.

"आणि ऊस?" त्यांनी विचारलं. रोज तळ्यावर विचारत, त्याच आवाजात.

"कुठला ऊस, काका?" सत्यजित हसला. "आमच्याकडे तुळशीच्या कुंडीपलीकडे जमीन नव्हती."

मग त्यानं खाली वडिलांकडे पाहिलं. त्र्यंबक स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते. खांद्यावरचा हात तसाच राहिला, पण त्यातलं वजन गेलं.

जेवणं झाली. जाताना उल्हासराव दारात थांबले. "इतके दिवस बरोबर चाललो आपण, शिंदे. मला खरं कळलं असतं तर मी काय केलं असतं, असं वाटलं तुम्हाला?"

त्र्यंबकना उत्तर माहीत होतं, आणि ते या माणसाच्या तोंडावर बोलता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी नुसते हात जोडले. रेखाताईंनी बाळाच्या गालाला बोट लावलं आणि दोघं गेली.

पसारा आवरताना सत्यजित झेंडूची फुलं पिशवीत भरत होता.  भरता भरता म्हणाला, "मी आधी विचारायला हवं होतं. सगळ्यांसमोर एकदम असं... चुकलंच माझं."

पोरगं आपली माफी मागतंय, हे त्र्यंबकना सहन होईना.

"तुझं काही चुकलं नाही. मीच सांगितलं त्यांना ऊस म्हणून."

"का, बाबा? मला तर कधी लाज नाही वाटली."

"माहितेय."

"मग?"

त्र्यंबकनी जमिनीवरच्या पाकळ्या वेचल्या. सत्यजितनं पिशवीला गाठ मारली. "बदलायचं का नाव? कागद करून मिळतात बदलून."

हो, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते गिळायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात सत्यजित समजायचं ते समजला.

"नको," ते म्हणाले. "राहू दे. चांगलं आहे."

सत्यजितनं मान हलवली आणि पिशवी घेऊन खाली कचरा टाकायला गेला.

बाळ जागं झालं. शैलाबाईंनी त्याला मांडीवर घेतलं. त्यांना नाव जड गेलं नाही. गावी गल्लीत पोरांना हाका मारत तशा खड्या आवाजात त्या म्हणाल्या, "टॅनर, ए टॅनर, अरे आजोबांकडे बघ की."

"हळू," त्र्यंबक म्हणाले आणि उठून त्यांनी खिडकी लावून घेतली.

बाहेर पार्किंग लॉट होता. सत्यजित कचऱ्याच्या पेटीपाशी उभा राहून वर खिडकीकडे बघत होता.