हात वर केला की

“रविवारपर्यंत थांबतो, गोवर्धनभाऊ. सोमवारी हे कुत्रं माह्या धुऱ्याच्या इकडे दिसलं, तं डुकराईसाठी आनलेलं औषध भाकरीत घालून टाकीन. मंग मले बोल लावू नका.”

चंद्रभान धुऱ्यापलीकडे, बांधाच्या त्या अंगाला उभा राहून बोलत होता. वावराला वावर लागून वीस वर्षं झाली, पण पाण्याच्या पाळीवरूनसुद्धा दोघांत कधी आवाज चढला नव्हता. आज चढला होता, आणि त्याचं चुकतंय असं म्हणायला गोवर्धनची जीभ वळत नव्हती. चंद्रभानच्या मागे त्याची सून दामिनी कोपराला पट्टी बांधून उभी होती. तिला पाचवा महिना होता.

झालं असं, की सकाळी चंद्रभानच्या संत्र्याच्या बागेत वानरं उतरली. त्यांना हाकलायला दामिनीनं ढेकूळ उचललं, हात उगारला, आणि इकडे पालकाच्या वाफ्यात लोळत पडलेलं गोवर्धनचं कुत्रं सुटलं ते धुरा ओलांडून थेट तिच्या अंगावर. दोन्ही पाय छातीवर. ती झाडाच्या आळ्यात पडली. पोटातलं बाळ सुखरूप आहे असं डॉक्टरीण बोलली खरी, पण ती तसं बोलेपर्यंतचे दोन तास दोन्ही घरांनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

“चावलं तं नाई ना पन?” गोवर्धन म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“चावाची वाट पाहू काय मी?” चंद्रभान म्हणाला आणि सुनेला पुढे घालून निघून गेला. तो मंगळवार होता.

गोवर्धन अमरावतीच्या भाजीबाजारात एकतीस वर्षं हर्रास बोलत होता. मेथीचा ढीग समोर पडला, की एक हात उंच करायचा आणि भाव पुकारायला लागायचं. शेवटची बोली होईपर्यंत तो हात खाली येत नसे. आवाज असा, की अडत्यांनी त्याच्यासाठी कधी भोंगा विकत घेतला नाही. सकाळी दहाला तो बाजारातून मोकळा व्हायचा आणि बडनेऱ्याच्या वाटेवरच्या आपल्या दोन एकरांत बायको पार्बताबाईबरोबर भाजी खुरपायला बसायचा. आयुष्य म्हणून सांगण्यासारखं त्याच्याजवळ एवढंच होतं.

कुत्रं आणलं ते मुलीनं. प्रतीक्षा अकोल्याला जनावरांची डॉक्टर व्हायला शिकत होती. मूर्तिजापूरच्या स्टेशनाबाहेर कोणीतरी पोत्यात बांधून फेकलेलं हे तांबूस पिल्लू तिनं उचललं, बरं केलं आणि “आठ दिवस सांभाळा, बाबा,” म्हणून इथे आणून सोडलं. त्या आठ दिवसांचे तीन महिने झाले. अख्खा बाजार ज्या आवाजाने थांबायचा, त्या आवाजाने या कुत्र्याचा कानही हलत नाही, हे तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. ठार बहिरं.

“कोनाचं म्हनून ऐकत नाई,” पार्बताबाई म्हणाली, “सरपंचच म्हना त्याले.” तेच नाव पडलं.

सरपंचाच्या अंगात भारी उत्साह. उभी कोथिंबीर लोळवायची, वाळत घातलेलं लुगडं ओढून साऱ्या वावराला नेसवायचं, आलेल्यागेलेल्याच्या गळ्यात पडायचं. बांधून ठेवलं तर स्वतःचाच पुढचा पाय चावून चावून सोलून काढला. तेव्हा गोवर्धननं दोर सोडला. मग प्रतीक्षानं फोनवरून सांगितलं तसं त्यानं शिकवायला घेतलं. लांबून दिसेल अशी एक खूण ठरवा, ती केली की यायचं. आला की अंगठा दाखवा, म्हणजे शाबास. आणि लगेच खाऊ. गोवर्धननं आपल्या अंगवळणी पडलेली खूण घेतली. हात सरळ वर. सहा आठवडे घासल्यावर गोष्ट जमली. वावराच्या पार त्या टोकाला असलं, तरी त्यानं हात वर केला की कुत्रं उधळत यायचं आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा खायचं. अंडं पार्बताबाईच्या चुलीवर चालत नसे, म्हणून ते विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत वेगळ्या डेगचीत उकडलं जाई.

बाजारात एकतीस वर्षं लोकांनी गोवर्धनचा भाव ऐकला होता, त्याच्या तोंडाकडे कोणी पाहिलं नव्हतं. हे कुत्रं सारखं त्याच्या तोंडाकडे पाहायचं. साठीला आलेल्या माणसाला एवढ्याशा गोष्टीचं वेड लागावं याचं त्यालाच हसू यायचं, पण वेड लागलं होतं खरं.

बुधवारी दुपारी, कालच्या प्रकारानंतर सरपंचाला पुन्हा दोराने लिंबाला बांधून तो मेथीच्या जुड्या बांधत होता. पलीकडे बागेत वानरांचा कल्ला उठला. चंद्रभाननं दगड उचलून हात उगारला, तसा इकडे दोराला हिसका बसला. सरपंच मागच्या पायांवर उभा राहून चंद्रभानकडे झेपावत होता आणि त्याची शेपटी आनंदाने नुसती वळवळत होती. चंद्रभाननं दुसरा दगड उगारला. दुसरा हिसका.

गोवर्धनच्या हातातली जुडी खाली पडली. हे अंगावर जाणं नव्हतंच. कोणीतरी हात वर करून बोलावतंय, म्हणून ते निघालं होतं. आणि ज्या मुलखात हात वर जातो तो वानराला नाहीतर कुत्र्याला मारायलाच, तिथे या शहाण्यानं कुत्र्याला नेमकं तेच शिकवून ठेवलं होतं!

त्यानं तसंच धुऱ्यावर जाऊन चंद्रभानला सगळं सांगितलं. वाटलं, ऐकून त्याचा राग निवेल. चंद्रभाननं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हनजे माही सून जवा जवा वानरं हाकलन, तवा तवा थे तिच्या आंगावर येईन?”

गोवर्धन धुऱ्यावरचं गवत उपटू लागला.

“हे तं अजूनच खराब झालं ना भाऊ. आमी का हात बांधून बागेत फिराव? रविवार म्हनजे रविवार.”

प्रतीक्षानं फोनवर आधी बापालाच झापलं, मग ती रडवेली झाली. होस्टेलवर कुत्रं ठेवता येत नव्हतं, दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. “जुनी खूण पुसता नाही येत, बाबा. तिच्यावरच दुसरी बसवा. हात वर म्हणजे बस. जिथं आहे तिथंच बस. धावत आला तर काही द्यायचं नाही. बसला की अंगठा अन् अंडं.”

“किती दिवस लागन?”

“महिना.”

“माह्यापाशी चार दिवस हायेत,” गोवर्धन म्हणाला.

त्यानं अडत्याला तब्येतीचं खोटं सांगून तीन दिवस सुट्टी काढली. एकतीस वर्षांत अशी सुट्टी त्यानं मुलीच्या आजारपणातही काढली नव्हती. गुरुवार सगळा वाया गेला. गोवर्धननं हात वर केला, की सरपंच झेपावायचा. दोराचं टोक पार्बताबाईच्या हातात, ती फरफटत दोन पावलं पुढे यायची. अंडं मिळालं नाही की ते बिचारं गोंधळून मागे जायचं आणि पुन्हा धावत यायचं, अधिक जोराने. आपणच धावायला कमी पडलो असं त्याला वाटत असावं. संध्याकाळी पार्बताबाईच्या तळहाताची साल निघालेली होती.

“जाऊ द्या ना जी,” ती म्हणाली. “कोठी दूर सोडून येऊ त्याले.”

“दूर सोडलं तं काय होईन? तिथं बी लोकाईले हात हायेतच ना!”

तिनं हाताला हळद लावली आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा दोर धरला.

शुक्रवारी दुपारी सरपंच पहिल्यांदा बसला. धावून धावून दमला म्हणूनच बसला, पण गोवर्धननं असा अंगठा नाचवला आणि असं अख्खं अंडं त्याच्या तोंडात कोंबलं, की कुत्रं चकित झालं. पुन्हा हात. पुन्हा बसला. शनिवारी तो पार्बताबाईच्या हातालाही बसला, मग तिच्या हातातल्या काठीला, मग दगडाला. संध्याकाळी बागेतली वानरं हाकलायला चंद्रभाननं हात उगारला, तेव्हा मात्र सरपंच दोर तोडायच्या बेताला आला. तेवीस वेळा जमलं आणि एकदा चुकलं. त्या एकदाचीच धास्ती घेऊन गोवर्धन निजला. झोप कसली, अंथरूण घासलं नुसतं.

रविवारी ऊन चढल्यावर, गोवर्धनच्या निरोपावरून, चंद्रभान कुत्र्याची परीक्षा घ्यायला आला. दामिनी बागेच्या कडेला, चांगलं अंतर राखून उभी राहिली. पार्बताबाई मोटारीच्या खोलीच्या दारात, पदराचं टोक दातात धरून.

“दोर काढा,” चंद्रभान म्हणाला. “अन् तुमी त्याच्या मांगं उभे राहा. तुमची खूण त्याले दिसाले नाई पायजे.”

ते रास्तच होतं. गोवर्धननं गाठ सोडली आणि तो मागे सरकला. आता त्याला सरपंचाचे दोन कान आणि शेपटी एवढंच दिसत होतं. हाक मारून उपयोग नाही, खूण करून उपयोग नाही.

चंद्रभाननं काळ्या मातीचं वाळून दगड झालेलं ढेकूळ उचललं आणि हात वर नेला.

सरपंच उसळला. तीन झेपा. पार्बताबाईच्या तोंडून अस्फुट काहीतरी निघालं. चौथ्या झेपेला तो अडखळला, त्याचं ढुंगण हळूच खाली गेलं, पुन्हा उठलं, आणि मग तो बसला. शेपटीने धूळ झाडत, मान वर करून, त्या हाताकडे एकटक पाहत बसला.

चंद्रभान दोन पावलं पुढे आला. कुत्रं बसूनच. अजून दोन पावलं. अंगाला कापरं भरलं होतं, तरी बसूनच. गोवर्धनच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, धावत जावं आणि पोराला घ्यावं तसं त्याला उचलून घ्यावं.

चंद्रभाननं ढेकूळ फेकून मारलं.

ते जबड्यावर फुटलं. सरपंच असा केकाटला, की बागेतून पाखरं उडाली. त्यानं डोकं झटकलं, ओठातून रक्ताची धार लागली, आणि तो तिथेच बसून राहिला. चंद्रभानच्या रिकाम्या हाताकडे बघत.

चंद्रभान आपला हात पायजम्याला पुसत होता. त्यावर माती होती थोडीच, पण तो पुसतच राहिला.

“मले वाटलं, पयन, धूम ठोकन,” तो म्हणाला. “कोन्तंबी कुत्रं पयते, गोवर्धनभाऊ. म्या तं त्याले पयवाले मारलं.” मग धुऱ्याकडे वळून त्यानं पाठमोऱ्यानंच म्हटलं, “राहू द्या त्याले. माही काई ना नाई.”

गोवर्धन जिंकला होता. औषधाची भाकरी टळली होती, सरपंच आता मरेपर्यंत या वावरात राहू शकत होता. पण त्याला आनंद शोधूनही सापडेना. दगड उगारला की पळायचं, एवढं शहाणपण कुत्र्याचं पिल्लू आईच्या पोटातूनच घेऊन येतं. पोत्यात बांधून फेकणाऱ्यालाही ते काढून घेता आलं नव्हतं. गोवर्धननं ते अंडी चारून चारून काढून घेतलं होतं.

तो सरपंचापुढे उकिडवा बसला आणि त्याचा जबडा चाचपू लागला. मातीत पावलांचा आवाज झाला म्हणून त्यानं वर पाहिलं. दामिनी धुरा ओलांडून आली होती. पट्टीचा हात पोटावर धरून ती थोडा वेळ कुत्र्याकडे बघत राहिली.

“काकाजी,” ती म्हणाली, “आता याले पयाले बी शिकवा.”

गोवर्धननं मान हलवली. खिशातून अंड्याचा तुकडा काढून त्यानं सरपंचापुढे धरला. सरपंचानं तो घाईघाईनं तोंडात घेतला, पण त्याला चावता येईना. मग रक्तानं माखलेला तुकडा त्यानं परत गोवर्धनच्या तळहातावर ठेवला, आणि जागचा न हलता त्याच्या तोंडाकडे पाहत बसून राहिला.