दोन कार्बोरेटरची गाडी

मंगळवारचं डायलिसिस चुकलं, कारण घाटाच्या दुसऱ्याच वळणावर गाडीने फाडफाड आवाज करत जीव टाकला. ती नवऱ्याला मागच्या सीटवर आडवं करून, कुणी गाडी ओढून नेणारं भेटेपर्यंत दोन तास रस्त्याच्या कडेला उभी होती.

गुरुवारी सकाळी त्याचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजले होते. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून तीन उशांना टेकून तो बसून होता. हॉस्पिटलच्या सिस्टरने फोनवर सांगितलं, "चारची वेळ तुमचीच आहे. आज चुकवू नका, बाई. आज चुकलं तर पुढचं मी काही सांगू शकत नाही." रुग्णवाहिका सहाच्या आधी मोकळी नव्हती. शेजाऱ्यांची गाडी परगावी गेलेली. बस फाट्यावर सोडायची, आणि तिथून चालण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

गाडी दारात ओढून आणली तेव्हाच गॅरेजवाल्याने रोग बरोबर ओळखला होता. गाडीच्या आधीच्या मालकाला गल्लीत सगळे 'भरधाव' म्हणायचे. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या एकाच कार्बोरेटरवर सुखाने चालणाऱ्या इंजिनाला त्याने वेग वाढवायला भलत्याच गाडीचे दोन कार्बोरेटर बसवले होते, तेही इंजिनात हवा नेणाऱ्या, घरी वेल्डिंग केलेल्या नळीवर. नळी वाकडी, सांध्यातून हवा आत शिरायची आणि चढावर इंजिन तापून बंद पडायचं. "मूळचं बसवा, दुसरा इलाज नाही," गॅरेजवाला म्हणाला. "पण माझ्याकडे सोमवारपर्यंत हात रिकामा नाही."

मग नणंद आली. ताई शिवणयंत्रं दुरुस्त करायची. मोटारीच्या इंजिनाला तिने जन्मात हात लावला नव्हता, पण वाटेत ती भरधावच्या घरी जाऊन मूळचा कार्बोरेटर आणि नळी घेऊन आली.

"गच्चीवर फुलझाडाच्या कुंडीखाली होती ही नळी. मला म्हणतो, ताई, ताकद दुप्पट केली होती मी! म्हटलं, कशाची, तापाची?"

बायको हसली नाही. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

जोडकाम उतरवायलाच दीड तास गेला. नट गंजलेले, दोन तर छिन्नीने फोडावे लागले. नळी निघाली तेव्हा खरी करणी दिसली. भरधावने इंजिनाच्या तोंडाशी एक बोल्ट आत मोडला होता आणि त्याच्या शेजारी नवं भोक पाडताना ड्रिल थेट हवेच्या वाटेत घुसवलं होतं. वर भेगा बुजवायची लोखंडी लांबी थापून पाप झाकलं होतं.

"हे खरवडून नीट बुजवावं लागेल," ताई म्हणाली आणि तिने छिन्नी टेकवली. टक् असा बारीक आवाज झाला. लांबीचा गोळा सुटला आणि आत पडला.

बायकोने वाकून आत पाहिलं.

"आत म्हणजे कुठे?"

"इंजिनात," ताई म्हणाली. "मी हे काय करून बसले गं!"

बॅटरीच्या उजेडात गोळा दिसत होता. हवेच्या वाटेच्या तळाशी, अर्धवट उघड्या व्हॉल्व्हच्या कडेला तो अडकला होता. आणखी खाली गेला तर अख्खं इंजिन उघडावं लागणार होतं. ताईने तार वाकवून आत घातली, तर गोळा आणखी सरकला. तिने तार फेकून दिली आणि ग्रीसच्या हातांनी तोंड झाकून घेतलं.

"काय झालं?" आतून नवऱ्याने विचारलं.

"काही नाही हो!"

"मग दोघी गप्प का?"

शेवटी त्याला खुर्चीसकट उचलून दारात आणलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. आता बोटं इतकी सुजली होती की चिमटा धरवत नव्हता. धाप टाकत टाकत त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पकडू नका त्याला," तो म्हणाला. "घड्याळातली पडलेली चकती आम्ही पकडत नाही... चिकटवून उचलतो. काडीला मऊ मेण लावा. ताई, दोऱ्याला लावतेस ते मेण आहे ना? हलकेच टेकव. दाबू नकोस."

ताईने वहिनीकडे काडी दिली. "तूच कर. माझ्याच्याने होणार नाही."

बायकोने काडी हलकेच आत सोडली. पहिल्यांदा मेण सुटलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा गोळा काडीला चिकटून वर आला.

"भोकावर लावून बघ, पुरा आहे का," नवरा म्हणाला.

नव्हता. एक टवका कमी होता, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. त्यांनी पुन्हा मेण फिरवलं, बॅटरी तिरकी धरून पाहिलं, जमीन झाडून पाहिली. टवका सापडला नाही.

पावणेदोन झाले होते. ताईने भोकात आटे पाडून पितळी स्क्रू बसवला, सांध्यातून हवा शिरू नये म्हणून कात्रीने जाड गास्केट कापलं. मोडक्या बोल्टच्या जागी लोखंडी पट्टीची पकड घट्ट आवळली. मूळची नळी आणि कार्बोरेटर बसेपर्यंत दोन चाळीस.

"टवका आत असला तर?" ताईने विचारलं.

"तर काय होईल?"

"चुरा होऊन धुराबरोबर जाईल. नाहीतर व्हॉल्व्ह बसणार नाही... मला खरंच माहीत नाही गं. मी शिलाई मशीनवाली."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ निळसर पडले होते. "तुम्ही सांगा ना काहीतरी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मी काय सांगू? न गेलं तरी मरणच आहे. लाव किल्ली."

तिने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं. पुन्हा फिरवली. आतून एकदाच कर्रकन आवाज झाला, आणि मग गाडी चालू झाली, खडखडत, पण चालू. तो आवाज टवक्याचा होता की कशाचा, हे पुढे कधीच कळलं नाही.

घाटात ती तापमानाच्या काट्याकडे बघत होती. मागे ताई भावाला छातीशी धरून बसली होती आणि दर वळणावर "आलंच हं, आलंच" म्हणत होती. काटा लाल खुणेला टेकला, तिथेच थरथरत राहिला. वर पोचल्यावर खाली आला.

हॉस्पिटलात पोचायला चार वाजून पस्तीस मिनिटं झाली. मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं होतं.

"मी तुम्हाला चार म्हटलं होतं," सिस्टर म्हणाली. मग त्याच्या पायांकडे पाहून तिचा सूर बदलला. तिने त्याला कॉरिडॉरमध्येच बेडवर घेतलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं. तासाभराने डॉक्टरांनी एका पेशंटची वेळ पुढे ढकलून जागा करून दिली. सुई लागली तेव्हा नवऱ्याने डोळे मिटले. तो इतका निपचित पडला की बायकोने दोनदा त्याच्या नाकाशी हात धरून पाहिला.

बाहेर ताई बॉनेट उघडून वाकली होती.

"पकड ढिली झालीय," ती म्हणाली. "परतीपुरती टिकेल. पुढच्या वेळेचं मात्र सांगता येत नाही. परवा किती वाजता आहे?"

"सात. सकाळी."

"मग उद्या पुन्हा उघडू," ताई म्हणाली आणि पान्यावर जोर देऊ लागली.