‘शिळा सोमवार’ कुणाला कळला

एम.ए.च्या वर्गात मुकुल सरांनी चर्चासत्रात बोलण्यासाठी कृष्णराज वाकुरेंच्या कादंबऱ्या वाटून दिल्या, त्या दिवशी हर्षालीची ढोकीहून येणारी एसटी उशिरा आली. ती धाराशिवला कॉलेजात पोचेपर्यंत गाजलेली सगळी पुस्तकं पोरांनी पळवली होती. उरलं होतं ते कुणालाच नको असलेलं, वाकुरेंचं पहिलं पुस्तक, ‘शिळा सोमवार’.

वाकुरे म्हणजे साधं नाव नव्हे. पुरस्कार एवढे, की ठेवायला घर कमी पडावं. पण सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या या पुस्तकाचा विषय निघाला की भले भले जाणकार घसा खाकरत. एका समीक्षकानं त्यावर चाळीस पानं लिहून ‘काळाचे विघटन’ शोधून काढलं होतं. ती चाळीस पानं वाचली की मूळ पुस्तक सोपं वाटायला लागे, एवढाच त्यांचा उपयोग.

“विषय बदल,” मुकुल सर म्हणाले. “चर्चासत्राला वाकुरे स्वतः येणार आहेत. त्यांचं समग्र साहित्य निघतंय आणि हे पुस्तक त्यातून वगळायला त्यांनीच सांगितलंय. ज्याचं त्यालाच नकोय, तिथं तू कशाला डोकं फोडतेस?”

हर्षालीनं दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा डोकंच फुटलं होतं. पण सरांनी ‘सोड’ म्हटल्यावर तिला ते सोडवेना. स्वभावच तसा, त्याला काय करणार!

रविवारी दुपारी घरी ती पुस्तकावर चिडून बसली होती. तिचे वडील, आण्णा, शेंगा फोडत होते. साखर कारखान्याच्या बॉयलरवर बत्तीस वर्षं काढून ते निवृत्त झालेले. पुस्तकाशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता.

“ऐका हो आण्णा, काय लिहिलंय ते! ‘सोमवारी तो दमून घरी आला आणि सोमवारीच झोपून उठून पुन्हा सोमवारी गेला.’ ह्याला काय अर्थ आहे?”

“त्यात काय कळंना तुला?” आण्णांनी मानही वर केली नव्हती. “पाळी बदललीय गड्याची. रातची पाळी सोमवारी पहाटं चारला सुटती. बदली झाली की त्याच सोमवारी दुपारी बाराला फिरून हजर. एकाच दिवसात दोनदा कामाला. लई बेकार दिवस असतोय त्यो. वाच फुडं.”

हर्षालीनं पुढं वाचलं. पुस्तकातली बायको दिवसभर तोंडानं बोलत नाही, नुसत्या हातानं खुणा करते. समीक्षकाच्या मते ते स्त्रीचं ऐतिहासिक मौन होतं.

“न्हवरा झोपलाय तिचा,” आतून आईचा, शारदाबाईंचा आवाज आला. “बोलली तर उठंल की त्यो.”

आणि त्यातलं पोर रोज एका पांघरुणाला हात हलवतं. समीक्षकानं तिथं मृत्यू आणून बसवला होता. आण्णांच्या हातातली शेंग मात्र तशीच राहिली.

“तूबी तसंच करायचीस,” ते हळूच म्हणाले. “पांघरुणाला टाटा करून शाळंला जायचीस. मला ऐकू यायचं. डोळं उघडायचं न्हाईत.”

संध्याकाळपर्यंत तिनं सगळं पुस्तक तिसऱ्यांदा वाचलं, आणि या वेळी एकही ओळ अडली नाही. हे तिच्या घराचं पुस्तक होतं. आणि तेच समग्र साहित्यातून बाहेर काढणार होते. हे काही ती होऊ देणार नव्हती, मग समोर खुद्द वाकुरे का असेनात.

चर्चासत्राला सभागृह भरलेलं. मुकुल सरांनी तिला शेवटची दहा मिनिटं दिली होती, तीही कपाळाला आठ्या घालून. हर्षालीनं कागद बाजूला ठेवला आणि फळ्यावर खडूनं तीन रकाने आखले. चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. मग कादंबरीची एकवीस प्रकरणं एकेक करून त्या रकान्यांत बसवली. एकही बाहेर राहिलं नाही.

“यात काळ कुठंही मोडलेला नाही,” ती म्हणाली. “साखर कारखान्यातल्या माणसाचा आठवडाच असा असतो. पुस्तक अवघड नाही. ते चुकीच्या लोकांनी वाचलं. वाकुरे सर, तुम्ही हे वगळलंत तर आम्हाला वगळल्यासारखं होईल.”

मुकुल सर टेबलाकडं बघत बसले. ऐंशीच्या घरातले वाकुरे काठी टेकत उठले, फळ्याजवळ गेले आणि ते तीन रकाने कितीतरी वेळ बघत राहिले.

“साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात दोन सीझन कामगारांची हजेरी लिहायचो मी,” ते म्हणाले. “आमच्या आळीत सगळीच घरं अशी. मला वाटलं, पाळ्या काय, सगळ्या जगालाच ठाऊक असतात. म्हणून कारखान्याचं नावसुद्धा घातलं नाही. पुस्तक पुण्या-मुंबईला गेलं. लोक म्हणाले, कळत नाही. मग मलाच वाटायला लागलं, आपल्याला लिहिताच आलं नाही.”

ते मुकुल सरांकडं वळले. “प्रकाशकाला मी आजच कळवतो. पहिल्या खंडात पहिलं हेच पुस्तक जाईल. आणि प्रस्तावना ही मुलगी लिहील.”

मागच्या रांगेतून टाळी आली, एकट्याचीच, पण बॉयलरवर घण घातल्यासारखी दणदणीत. मग सगळं सभागृह वाजायला लागलं. हर्षालीनं पाहिलं, तर आण्णा उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. शाळेतल्या तिच्या एकाही कार्यक्रमाला त्यांना येता आलं नव्हतं. दर वेळी कुठली ना कुठली पाळी आडवी यायची. आज ते टक्क जागे होते आणि डोळे पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

“माझी पोरगी हाय ती,” ते शेजारच्या प्राध्यापकांना सांगत होते. “माझी हाय.”