ज्यूरी आत आली की

मी बोलतेय, व्हर्जिनियातल्या एका कोर्टातली ओकची खुर्ची. जजसाहेबांची नव्हे हं! मी ज्यूरीची, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या बारा साध्या नागरिकांपैकी एकाची, मागच्या रांगेतली. डावा हात जरा डुगडुगतो, बाकी ठणठणीत आहे.

खुर्ची म्हटलं की तुम्हाला तिला चिकटून बसणारी माणसं आठवतात ना? माझ्यावर कुणी मुक्काम ठोकत नाही. आज शिक्षिका, उद्या प्लंबर. खटला संपला की जो तो आपल्या घरी. ज्यांनी या देशाची राज्यघटना लिहिली, त्यांनीच हे ठरवून ठेवलंय. सरकारला कुणाला गुन्हेगार ठरवायचं असेल, तर आधी अशा साध्या माणसांना पटवून द्यावं लागतं. मला याचा भारी अभिमान आहे.

कोर्टाचं बोलावणं आलं की येणारे मात्र कुरकुरत येतात. कुणाची डेडलाइन, कुणाची कंबर. ऐकून ऐकून विटलेय मी!

२००४ साली जवळच्या हर्नडन गावाहून ईश्वर आले. मूळचे नागपूरचे, कॉम्प्युटरवाले, नुकतेच इथले नागरिक झालेले. जजनी विचारलं, "काही अडचण?" हे म्हणाले, "नाही." मला तिथेच आवडले.

आरोपी होता हॉटेलात स्वयंपाक करणारा एक तरुण. दुकान फोडल्याचा आळ होता. दोषी ठरला असता तर कितीतरी वर्षं तुरुंगात गेली असती. बिचारा सारखा ज्यूरीच्या चेहऱ्यांकडे बघायचा.

आमच्या कोर्टाची रीत अशी, की ज्यूरी आत आली की सगळे उभे राहतात, जजसुद्धा; आणि ज्यूरी बसली की मगच बाकीचे बसतात. पहिल्या दिवशी अकरा जण बसले, ईश्वर उभेच! मोठा माणूस उभा असताना आपण कसं बसायचं? हे जजसाठी थांबलेले, जज यांच्यासाठी. शेवटी जज हसून म्हणाले, "सर, तुम्ही बसल्याशिवाय मला बसता येत नाही." अगं बाई, माझ्यावर कसले अवघडून बसले! नुसते टेकले म्हणायचे.

पण साक्षी ऐकताना जागचे हलले नाहीत. साक्षीदार म्हणाला, "लांबून पाहिलं, चेहरा नीट दिसला नाही, पण हाच असणार." मग ज्यूरी विचार करायला आतल्या खोलीत गेली. तिथलं बोलणं तिथेच राहतं, मलाही कळत नाही. परतले ते बाराही जण एकमतानं: निर्दोष! तो तरुण टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. मला रडता येत नाही, म्हणून करकरले.

कोर्ट रिकामं झालं. मागच्या बाकावर बसलेल्या ईश्वरांच्या पत्नी, उपासना, पुढे आल्या. "अहो, चला ना, पार्किंगची वेळ संपतेय."

ईश्वर माझ्या डुगडुगत्या हातावर हात ठेवून उभेच. "बाबांना तहसील कचेरीत दाराबाहेर ताटकळत ठेवायचे गं. आज जज माझ्यासाठी उभे राहिले."

"तुमच्या एकट्यासाठी नाही काही!" उपासना डोळे पुसत हसल्या. "तुमच्या शेजारच्या खुर्चीतल्या त्या ट्रकवाल्यासाठी पण राहिले."

"तेच तर म्हणतोय!" ईश्वर म्हणाले, आणि माझा हात हलकेच थोपटून निघाले.

आता माझं पॉलिश उडालंय, हातही फार दिवस टिकायचा नाही. एकच सांगते. बोलावणं आलं तर सबबी सांगू नका. या, चांगले पाठ टेकून बसा. तुम्ही बसेपर्यंत जज उभे आहेत.