टेकू हलवून पाहा

मित्रांनो, मी एक जुना बोगदा आहे आणि खरं सांगायचं तर फार भित्रा आहे.

गवंड्यांनी विटेला वीट घट्ट भिडवून माझी कमान बांधली. डोक्यावर अख्खा डोंगर! प्रत्येक वीट आपला भार शेजारणीला देते, ती पुढचीला, असं करत तो पायापर्यंत पोहोचतो. या दाटीवाटीनेच मी उभा आहे. पूर्वी लोक मान वर करून माझं कौतुक करत. पुढे मी काजळीने काळवंडलो आणि माझ्याकडे कुणी पाहीनासं झालं.

मग शेजारी नवा बोगदा झाला. आग लागली तर माणसांना तिकडे पळता यावं म्हणून माझ्या भिंतीत दार पाडायचं ठरलं. हेतू चांगलाच होता. पण खालच्या विटा काढल्या, तर वरच्यांनी भार द्यायचा कुणाला?

त्यासाठी कामावर आलेल्या दोघा भावांनी लोखंडी टेकू उभे केले. टेकू आणि माझ्यामधल्या फटीत लाकडी पाचरी ठोकल्या की भार टेकूवर जातो. पण भिंत कापायची करवत ज्यावरून सरकते तो रूळ बसवताना एका टेकूच्या पाचरी आड आल्या, म्हणून काढल्या. परत ठोकायच्या राहिल्याच. थोरल्याला वाटलं धाकट्याने ठोकल्या, धाकट्याला वाटलं दादाने. टेकू आपला पाहुण्यासारखा नुसता उभा!

करवत फिरू लागली. वरच्या विटा खाली दबल्या, चीर मिटत आली आणि पातं अडकलं. मला ओरडता येत नाही. पातं आवळून धरणं एवढंच माझ्या हाती होतं.

"दादा, पातं बोथट झालंय वाटतं," बरोबर माझ्याखाली उभा असलेला धाकटा म्हणाला. "दुसरं लावू?"

"लाव पटकन. आजच्या आज उरकायचंय."

नवं पातंही अडकलं. माझ्या सांध्यांतला चुना झरझर गळू लागला. भीतीने मी गारठलो. हा पोरगा बाजूला का होत नाही?

थोरला वैतागून टेकूला रेलला, आणि टेकू हलला.

"अरे, हा सैल आहे! बाजूला हो! आधी बाजूला हो!"

धाकट्याने उडी मारली. तो उभा होता तिथेच माझी एक वीट आदळली. थोरल्याने भावाला चाचपून पाहिलं आणि मग त्याला एक सणसणीत शिवी हासडली. दोघांनी कडेने पाचरी ठोकल्या, तेव्हा कुठे माझं दबणं थांबलं.

आज त्या दारातून माणसं जातात-येतात. पुढे भिंतीवर खडूने आणखी एक दार आखलंय, आणि माझी झोप उडाली आहे. मित्रांनो, दार पाडू नका असं मी म्हणत नाही. पण कुणाच्या अंगातून काही काढून घेण्याआधी त्याला आधार द्या, आणि तो आधार हाताने हलवून पाहा. धाकटा आता तसंच करतो. आल्या आल्या एकेक टेकू हलवतो. त्याचा हात शेवटच्या टेकूवरून निघेपर्यंत मी श्वास रोखून असतो.